डब्यातला दवाखाना

वहिनी, तू गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडून जो पहिला प्रश्न निघाला, त्याची मला अजून लाज वाटते. मी अंबरनाथला कंपनीत होतो, खोक्यांच्या थप्पीला टेकून उभा. दादाचा फोन आला. म्हणाला, "अरे, ही गेली." माणसं अशा वेळी "कधी?" विचारतात, "कशी?" विचारतात, नाहीतर नुसती खाली बसतात. मी विचारलं, "पाठीचं होतं का?"

दादा म्हणाला, "पाठीचं कुठून आलं आता? हार्ट म्हणाले डॉक्टर. बाजारातून मेथी घेऊन आली, निवडली, म्हणाली जरा पडते. पडली ती उठलीच नाही."

आणि वहिनी, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. तू गेलीस आणि मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं, बदलापूरच्या उड्डाणपुलावर, स्कूटर चालवताना. हेल्मेट घालून रडू नये. काच धुरकट होते आणि पुसायला हात मोकळा नसतो.

बेलवलीला दादाच्या घरी पोचलो तर खाली बिल्डिंगमधले डॉक्टर भेटले. त्यांनाही मी तेच विचारलं. "सात वर्षांपूर्वीचं ते? ते तेव्हाच बरं झालंय हो," ते म्हणाले. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून मी परत खाली आलो आणि पुन्हा विचारलं, "नक्की ना?" त्यांना वाटलं धक्का बसलाय. त्यांनी मला पाणी दिलं.

मी तसं का विचारलं ते फक्त तुला ठाऊक होतं.

तू लग्न होऊन आमच्याकडे आलीस तेव्हा मी सातवीत होतो. शाळेच्या खाकी चड्डीत तुझ्यासमोर उभा राहिलो आणि तू डोक्यावरचा पदर सावरत म्हणालीस, "अहो भाऊजी, पाणी देता का जरा?" मला आयुष्यात कुणी पहिल्यांदा अहो म्हणालं होतं. मी मागे वळून पाहिलं, कुणी दुसरा भाऊजी उभा आहे का म्हणून. तेव्हापासून शेवटपर्यंत मी तुला अगं-तुगं करत राहिलो आणि तू मला अहो-जाहो. टोमणे मात्र तुझेच जास्त धारदार. माझं टक्कल पडायला लागलं तेव्हा "भाऊजी, तुमच्याकडे आता उजेड लवकर पडतो" हे तू ज्या आदराने म्हणालीस, तो आदर दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

पुढे मला गोळ्यांच्या कंपनीत नोकरी लागली आणि घरात माझं नाव डॉक्टर पडलं. कंपनी गोळ्या बनवायची हे खरं. मी त्या गोळ्या खोक्यात भरल्या जातात की नाही ते बघायचो, हेही खरं. पण तीस वर्षं औषधांची नावं वाचून वाचून मला वाटायला लागलं होतं की माझ्या बोटांतून थोडीशी विद्या आत झिरपली असणार. कुणाला ताप आला, कुणाचा घसा धरला, की दादाच्या घरून फोन: "अरे, ती लांबट पिवळी कशाची?" आणि मी शिरगावला माझ्या घरी बसून, न बघता सांगायचो.

तो डबा त्याच्यातूनच आला. पत्र्याचा, गोल, झाकणावर घोडागाडीचं चित्र असलेला बिस्किटांचा डबा. बिस्किटं केव्हाच संपली होती. आपल्या घरात कुणीही गोळ्यांचा कोर्स पूर्ण करत नसे. पाच दिवसांच्या असल्या तर दोन दिवसांत बरं वाटायचं, आणि उरलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या डब्यात. फेकायच्या कशाला, चांगल्या आहेत. तू त्या डब्याला दवाखाना म्हणायचीस. मी तिथला मोठा डॉक्टर.

तुझी पाठ धरली ती दिवाळीनंतर. फराळाची भांडी वर ठेवताना लचकली असं सगळ्यांचं मत पडलं. तू शेकलंस, मलम लावलंस, दादाने पट्टा आणला. लचकलेली पाठ आडवं पडलं की निवते. तुझी निवत नव्हती. तू म्हणायचीस, "भाऊजी, झोपलं की जास्त दुखतं. आत कुणीतरी बसून ठोकतंय असं वाटतं." मी म्हणालो, "गॅस असेल." त्या महिन्यात मी तुला गॅसच्या किती गोळ्या दिल्या त्याला गणती नाही.

मग संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. तेव्हा मी डबा उघडला. त्यातली एक पट्टी काढून, चष्मा कपाळावर सरकवून, खऱ्या डॉक्टरसारखा थोडा वेळ गप्प राहून म्हणालो, "ही सकाळ-संध्याकाळ घे. अँटिबायोटिक आहे, स्ट्राँग आहे." पट्टीत सहा गोळ्या होत्या. तीन दिवसांत ताप उतरला, ठोकणारा जरा थांबला. तू म्हणालीस, "हाताला गुण आहे हो तुमच्या." मी फुगलो. आठवड्याने पुन्हा ताप, पुन्हा ठोकणं, पुन्हा डबा. या वेळी दुसरी पट्टी, कारण पहिली संपली होती. असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी मी जिंकलो असं मला वाटायचं.

जानेवारी संपता संपता तुला वाकून चप्पल घालता येईना. तेव्हा दादाने माझं न ऐकता तुला उल्हासनगरला मणक्याच्या डॉक्टरकडे नेलं. मला आठवतं, मी त्याला म्हणालो होतो, "दादा, उगाच खर्चात पडतोयस, आणखी आठ दिवस बघू." हे वाक्य मी पुढे किती वेळा मनात गिळायचा प्रयत्न केला. ते काही खाली जात नाही.

ते डॉक्टर सिंधी होते. मराठीत सुरुवात करायचे आणि हिंदीत संपवायचे. एमआरआयची फिल्म उजेडाच्या चौकटीवर लावून त्यांनी पेनाने दाखवलं. कमरेतले दोन मणके आणि त्यांच्यामधली गादी. बाकीच्या गाद्या नीट, चौकोनी, आणि ही एक कुरतडल्यासारखी. वरच्या मणक्याची खालची कड आणि खालच्याची वरची कड, दोन्ही झिजलेल्या. "इथे जंतू बसलाय," ते म्हणाले. "हाडात. बाहेरून आत येऊन बसतो, रक्तातून. शुगर आहे ना तुम्हाला? पायाला जखम झाली होती का कधी?"

तू माझ्याकडे बघितलंस. दिवाळीच्या आधी मी तुला उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली सँडल दिली होती. ती टाचेला चावली होती आणि तिथला फोड बरेच दिवस चिघळत होता. डॉक्टर म्हणाले की तिथूनच गेला असं छातीठोक सांगता येणार नाही, कुठूनही जातो. पण आपलं ते भांडण काही मिटलं नाही. तू म्हणायचीस, "सँडल तुमची." मी म्हणायचो, "घालून कुणी फिरलं? नवीन सँडल घालून सोनिवलीला माहेरी चालत जायला कुणी सांगितलं होतं?" सात वर्षं चाललेला हा खटला आता तू अर्ध्यावर सोडून गेलीस. निकाल लागायचा राहिला.

डॉक्टरांनी मग विचारलं, "इसके पहले कोई दवाई ली? अँटिबायोटिक वगैरे?"

दादाला दवाखान्याच्या वासाने गरगरतं म्हणून तो बाहेर बाकावर बसला होता. आत तू आणि मी. डॉक्टर तुला विचारत होते, पण उत्तर मी दिलं. म्हणालो, "नाही, फक्त दुखण्याच्या गोळ्या."

तू छताच्या पंख्याकडे बघत राहिलीस.

दोन दिवसांनी तुला पालथं झोपवून, स्कॅनच्या मशीनमध्ये बघून बघून, पाठीतून सुई घालून त्या कुरतडलेल्या जागेतून चिमूटभर तुकडा काढला. तो लॅबमध्ये गेला. डॉक्टरांनी समजावलं की तिथे त्या तुकड्यातल्या जंतूला खाऊपिऊ घालतात, ऊब देतात, तो वाढला की तो कोण ते कळतं आणि कुठल्या औषधाला भितो तेही कळतं. तू म्हणालीस, "म्हणजे पाहुणाच झाला की." डॉक्टर हसले. "हां, पण नाव सांगितल्याशिवाय जात नाही असा पाहुणा."

पाहुण्याने नाव सांगितलं नाही. काहीच उगवलं नाही. टीबीची तपासणी केली, तीही कोरी आली.

घरात आता सगळ्यांनी टीबी ठरवून टाकला. पाठीचा टीबी आपल्याकडे पुष्कळ असतो, दादाच्या पाणीखात्यातल्या दोघांना झालेला. पुढच्या वेळी दादा गरगरत का होईना आत आला आणि म्हणाला, "डॉक्टर, टीबीचीच सुरू करून टाका ना."

"करून टाका म्हणजे?" डॉक्टर म्हणाले. "ये कोई सत्यनारायण है क्या, करून टाकला? टीबी असेल तर महिने महिने औषध चालणार. आणि नसेल तर ती औषधं इकडे चालू, आणि तो दुसरा जंतू तिकडे मणका खात बसणार. मणक्याच्या मागे नस आहे, काका. पायाची नस." ते फिल्मकडे बघत म्हणाले, "दोन-तीन दिवस विचार करतो. दुसरं काही मिळालं नाही, तर मग चालू करावंच लागेल."

त्या संध्याकाळी मी तुझ्या घरी आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. दादा खाली दूध आणायला गेला होता. तू न वळताच म्हणालीस, "भाऊजी, परवा जाताना तो बिस्किटांचा डबा घ्या बरोबर."

"कशाला?"

"डॉक्टरांना बिस्किटं देऊ."

मी म्हणालो, "अगं, त्या जुन्या गोळ्यांचा आणि याचा काय संबंध? त्या तर संपल्या."

मग तू वळलीस. वळताना तुला किती दुखलं ते तुझ्या तोंडावर दिसलं. "मला चालायचंय अजून," तू म्हणालीस. एवढंच. त्यात अहो नव्हतं, भाऊजी नव्हतं, चेष्टा नव्हती.

ठरल्या दिवशी दादा बाहेर बाकावर, तू व्हीलचेअरवर, आणि माझ्या काखेत कापडी पिशवीतला डबा. आत गेल्यावर तू म्हणालीस, "डॉक्टर, आमच्या भाऊजींना काही सांगायचंय."

मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघितलं. तोही काही मदत करेना. मग मी झाकण उघडून डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी एकेक पट्टी काढून पत्ते मांडावेत तशी मांडली.

"ये किसका है?"

"माझ्या बायकोचं. दाढ काढली होती तेव्हाचं."

"और ये?"

"शेजारच्या आजोबांचं. लघवीचा त्रास होता त्यांना."

"ये तो कान का ड्रॉप है."

"हो. ते चुकून."

"यातलं यांना काय काय दिलंत?"

मी रिकाम्या जागांकडे बोट दाखवत गेलो. चार पट्ट्या. त्यांनी तारखा विचारल्या, मी सांगितल्या. शेवटची पट्टी सुई घालायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत चालू होती.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आप डॉक्टर हो?"

"नाही. गोळ्यांच्या कंपनीत आहे."

"बनाते हो?"

"पॅकिंग."

"हां," ते म्हणाले. "पॅकिंग अच्छा करते हो. जंतू ऐसा पॅक किया, की सुई को भी नहीं मिला."

वहिनी, तू हसलीस. पाठ धरून हसलीस, मग "आई गं" म्हणालीस आणि पुन्हा हसलीस. मी आयुष्यात इतका मेल्याहून मेलो नव्हतो आणि इतका सुटलोही नव्हतो.

डॉक्टर मला फार बोलले नाहीत. अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाही, अर्धमेला होऊन लपतो. ताप उतरतो, तो आत काम करत राहतो, आणि लॅबमध्ये मात्र उगवत नाही, हे त्यांनी मला जितकं शांतपणे सांगितलं तितकं ते जास्त लागलं. "आज बता दिया, अच्छा किया. न बताते तो मैं भी सोमवार से टीबी की दवा चालू कर देता," ते म्हणाले.

आता एकच करायचं होतं. सगळ्या अँटिबायोटिक बंद. दहा दिवस काही नाही. जंतूला पुन्हा डोकं वर काढू द्यायचं आणि मग परत सुई. नस अजून दबलेली नव्हती म्हणूनच हे करता येत होतं. पण त्या दहा दिवसांत पाय जड पडले, मुंग्या आल्या, लघवी अडली, तर थांबायचं नाही, तडक यायचं, मग ऑपरेशन. "रोज देखना," ते मला म्हणाले. "पैर के अंगूठे हिलते हैं के नहीं. आता हेच तुमचं काम, पॅकिंगवाले."

बाहेर आलो. मी व्हीलचेअर ढकलत होतो. दादा बाकावरून उठला. "काय म्हणाले?"

"रागावले मला," तू म्हणालीस. "डब्यातल्या गोळ्या खात होते मी अधूनमधून. मनानेच. म्हणून कळेना त्यांना."

दादा रिक्षा येईपर्यंत तुला बोलला आणि रिक्षात बसल्यावरही बोलला. स्वतःच्या मनाने डॉक्टरकी कशाला, अक्कल कशी नाही. मी व्हीलचेअरच्या दोन्ही मुठी धरून उभा होतो. मुठी रबराच्या होत्या, घामाने चिकटल्या होत्या. नंतर एकटी सापडलीस तेव्हा मी तुला विचारलं, असं का सांगितलंस. तू म्हणालीस, "दहा दिवस मला पाय सांभाळायचेत, भाऊजी. त्यात तुम्हा दोघा भावांची भांडणं कुठे सोडवत बसू?"

ते दहा दिवस मी विसरणार नाही. सकाळी कामावर जाण्याआधी शिरगावहून निघायचो, पूल ओलांडून बेलवलीला यायचो, चपला काढायच्या आत आतल्या खोलीच्या दारात उभा. तू पांघरुणातून पाय बाहेर काढून ठेवलेले असायचे. मी म्हणायचो, "वहिनी, अंगठे." तू हलवायचीस. आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही एकदम. आणि म्हणायचीस, "हलतात हो भाऊजी. दोन्ही हलतात." मग मी श्वास सोडायचो. एका सकाळी तू मुद्दाम हलवले नाहीस. मी पांढराफटक पडलो, भिंतीला धरलं, आणि तू म्हणालीस, "चहा प्यालात का आधी?" त्या दिवशी मी तुझ्यावर खरंच ओरडलो. दादा म्हणाला, "अरे, आजारी बाईवर काय ओरडतोस?" आपण दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

तुला त्या दहा दिवसांत काय दुखलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. दादा सांगायचा की ती उशीचा कोपरा दातात धरते. माझ्यासमोर तू फक्त अंगठे हलवलेस.

दुसऱ्या सुईत पाहुण्याने नाव सांगितलं. तीन दिवसांत उगवला. अगदी साधा जंतू निघाला, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर, नाकात राहणारा. "साधाच आहे," डॉक्टर म्हणाले, "पण हाडात शिरला की साधा राहत नाही." त्याला चालणारं औषधही साधंच निघालं. पण ते सहा आठवडे, शिरेतून. तुझ्या दंडात एक लांब बारीक नळी बसवली. आधी उल्हासनगरला ॲडमिट होतीस, मग घरी सिस्टर यायच्या. दर आठवड्याला रक्त जायचं आणि सीआरपी यायचा. सूज किती आहे ते सांगणारा तो आकडा आमच्या घरात क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारला जायचा. फरक एवढाच की इथे कमी झाला की टाळ्या. तीन आकडी होता तो दोन आकडी झाला, मग एकाच आकड्यावर आला. तुझी शुगर आयुष्यात पहिल्यांदा ताब्यात आली, कारण गुळाचा डबा मी शिरगावला नेऊन ठेवला होता.

त्यानंतर गोळ्या. कित्येक आठवड्यांच्या. तिसऱ्या आठवड्यात तुला इतकं बरं वाटायला लागलं की दादाच म्हणाला, "आता कशाला?" आपल्या घराची ती सवयच. तू मात्र रोज गोळी घेतल्यावर पट्टीचा फोटो काढून मला फोनवर पाठवायचीस. शेवटची पट्टी रिकामी झाली तेव्हा तिचाही फोटो आला, खाली लिहिलं होतंस: "डॉक्टर, बघून घ्या." आपल्या खानदानात पूर्ण झालेला तो पहिला कोर्स.

वर्षाने एक्सरे काढला तर मधली गादी गेलेली आणि दोन मणके जुळून एक झालेले. डॉक्टर म्हणाले, हे उत्तम, हाडाने हाड धरलं, आता ते हलणार नाही. तू पुन्हा बाजारात जायला लागलीस, जिने चढायला लागलीस, सोनिवलीला भावाकडे जाऊन आलीस. जुन्या चपलेत, माझ्याकडे बघत.

मग तो डबा. मला वाटलं होतं तू फेकून देशील. तू तो घासून, उन्हात वाळवून त्यात चकल्या भरल्यास. मी आलो की समोर सरकवायचीस. "घ्या भाऊजी, तुमचा दवाखाना." सगळे हसायचे. दादाही हसायचा. आणि पाव्हणेरावळे असले की हटकून सांगायचा, "हिने काय केलं होतं माहितीये? डब्यातल्या गोळ्या मनाने खायची. मरता मरता वाचली." तू मान खाली घालून चहा गाळायचीस. मी चकली खायचो. सात वर्षं मी चकली तोंडात असताना गप्प बसलो, वहिनी. तोंड भरलेलं असलं की गप्प बसणं शोभून दिसतं.

तुला सॉरी म्हणायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. तुला ते कळलेलं होतं. दादाला सांगायचं राहिलं होतं.

त्या दिवशी तुला खाली आणलं तेव्हा चालीप्रमाणे कुणीतरी तुझ्या पायांचे दोन्ही अंगठे दोऱ्याने एकत्र बांधले. बायका रडत होत्या, दादाला कुणीतरी धरलं होतं. मी त्या दोऱ्याकडे बघत उभा होतो. इतक्या सकाळी मी ते अंगठे बघितलेत. आणि माझ्या मनात आलं की त्याच दिवशी हे पाय जुडीभर मेथी घेऊन स्वतः जिना चढून आले होते. ज्याला घाबरून मी दहा दिवस श्वास धरला होता, ते झालं नाही. शेवटपर्यंत झालं नाही. मला माफ कर, पण मी तिथे, सगळ्यांच्या मध्ये उभा राहून, मनात देवाला थँक्यू म्हणालो.

तिसऱ्या दिवशी अस्थी आणायला गेलो. दादा आणि मी खाली बसलो, राखेवर आधी पाणी, मग दूध शिंपडलं. तिथला माणूस म्हणाला, हलक्या हाताने घ्या. दादा वेचून मडक्यात ठेवत होता. मी मात्र हाताने राख बाजूला सारत होतो, इकडून तिकडे.

"काय शोधतोयस?" दादा म्हणाला.

मी तुझे ते जुळलेले दोन मणके शोधत होतो. वेड्यासारखं आहे, मला कळतं. राखेत कुठलं काय ओळखू येणार? पण मला ते एकदा हातात घेऊन बघायचे होते.

"दादा," मी म्हणालो, "त्या गोळ्या तिने मनाने नव्हत्या खाल्ल्या. मी दिल्या होत्या. चारही वेळा. आणि डॉक्टरांना मीच नाही म्हणून सांगितलं होतं."

दादाचा हात मडक्यावर तसाच राहिला. मग म्हणाला, "आणि ती माझं ऐकून घेत राहिली?"

"हो."

"माझं एक वाक्य कधी ऐकून घेतलं नाही तिने," दादा म्हणाला. "भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं तर तासभर भांडायची. आणि हे सात वर्षं ऐकून घेतलं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी काही बोलायला गेलो तर तो चिडून म्हणाला, "धर नीट ते मडकं. तेवढं तरी धर." मी धरलं. नदीपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुढचे दहा दिवसही कामापुरतंच बोलला. पण वहिनी, त्या दहा दिवसांत मला झोप छान लागली.

तेराव्याला सगळे जमले होते. जेवणं झाली, पांगापांग व्हायची होती. दादाच्या सासुरवाडीकडच्या एक मावशी म्हणाल्या, "बिचारी! मागे पण मरता मरता वाचली होती ना, आपल्या मनाने गोळ्या खाऊन?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच म्हणाला, "नाही हो मावशी. ते मी उगाच म्हणायचो. गोळ्या ह्याने दिल्या होत्या. त्या शहाणीने स्वतःवर घेतलं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी बायको सर्वांत जास्त वेळ बघत होती. त्याबद्दल पुढे घरी काय झालं ते तुला सांगायची गरज नाही.

मग दादा आत गेला आणि डबा घेऊन आला. घोडागाडीचं चित्र आता नुसतं चाकापुरतं उरलंय. आत तू जाण्याच्या आठवड्यात केलेल्या चकल्या होत्या, तळाशी सात-आठ. त्याने तो माझ्यासमोर सरकवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"घे," म्हणाला. "तुझा दवाखाना."

इतकी वर्षं तो हे ऐकून नुसता हसायचा. आता त्याला कळून म्हणता आलं.

मी चकली घेतली. या खेपेला खायच्या आधी सगळ्यांना सगळं सांगितलं, पहिल्या पट्टीपासून. डॉक्टरांचं पॅकिंगचं वाक्य सांगितलं तेव्हा दादा हसला. पाठ धरून हसला, तुझ्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना माझी स्कूटर आपोआप बेलवलीकडे वळली. तुझी खोली झाडून ठेवलेली होती. दादा पलंगावर पडला होता, पाय पांघरुणाबाहेर. मी दारात उभा राहिलो. तो म्हणाला, "काय आहे?"

मी म्हणालो, "अंगठे."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने हलवले. आधी उजवा, मग डावा.

हलतात हो वहिनी. दोन्ही हलतात.